सांगलीला गेलेला फोटो

स्मरणिकेसाठी लहानपणीचा एक फोटो पाठवा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला आणि दोन दिवसांत आपल्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस पडला. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का, ठाऊक नाही. टिळक रस्त्याच्या, स्वारगेटच्या बाजूला राहणाऱ्यांचे बारशापासूनचे फोटो आले. शनिवार, नारायण, कसबा पेठेत नदीच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा आठ-नऊ जणांचा पहिला फोटो मात्र १९६१ नंतरचा. जणू आम्ही सात-आठ वर्षांचे होऊनच जन्माला आलो!

कारण पुणेकराला सांगायला नको. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचे धरण मातीचे, काम अजून पुरते संपलेले नव्हते. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान तिथे वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ऐंशीहून अधिक वर्षे उभे असलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी गेले. लकडी पूल पाण्याखाली गेला. ओंकारेश्वराजवळच्या आमच्या वाड्यात पाणी शिरले तेव्हा आजी देव्हाऱ्यातले देव पदरात बांधून निघाली, वडिलांनी माझा हात धरला, आईने भावाला उचलले. भिंतीवरचे फोटो काढून घ्यावेत असे कुणाच्या मनातही आले नाही. का यावे?

पाणी ओसरल्यावर मोठी माणसे परत गेली. चौकात कमरेएवढा गाळ. फोटोच्या कागदावर जो चित्राचा थर असतो तो जिलेटिनचा. भिजला की फुगतो, मऊ होतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो. वडिलांनी एक फ्रेम उघडली तर चित्र काचेबरोबर आले आणि हातात कोरा पुठ्ठा राहिला. फोटो काढणाऱ्याचा स्टुडिओही पेठेतच, त्यामुळे त्याच्या काचेच्या निगेटिव्हही त्याच गाळात गेल्या. खडकवासला फुटल्याने नळ कोरडे होते. प्यायला पाणी आणायचे ते विहिरींचे, नाहीतर कात्रजच्या पेशवेकालीन नळाने हौदात येणारे. फोटोंचे दुःख करायला सवड कुणाला होती?

आपल्या वर्गाने हे सगळे एकदा पाहिले आहे, फक्त तेव्हा ते कळले नव्हते. पाचवीत इतिहासाच्या सरांनी ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू’ आणायला सांगितली होती. कुणी पोथी आणली, कुणी पणजोबांची पगडी. आम्ही नदीकाठचे सगळे तांब्या-पितळेचे काहीतरी घेऊन आलो होतो. मी खलबत्त्याचा बत्ता नेला होता आणि मागच्या बाकावरून बरेच हसू आले होते. कागद, लाकूड, कापड गेले होते. उरले ते गाळात जड होऊन बसलेले. पुढे गोखलेनगरच्या अर्धगोल छपरांच्या घरांतून शाळेत येणारे आपले मित्र आठवा. त्यांच्या घरी तर भिंतसुद्धा सरळ नव्हती, फ्रेम लावणार कुठे!

तरीही आमच्या घरचा १९६१ पूर्वीचा एक फोटो आहे. तो वाचला, कारण तो पुण्यात नव्हता. १९५२ साली थोरल्या आत्याच्या लग्नाआधी वाड्याच्या चौकात सगळ्यांचा फोटो काढला. दोन प्रती केल्या. एक बैठकीच्या खोलीत लागली, दुसरी आत्याच्या ट्रंकेतून सांगलीला गेली. नदीकाठच्या ज्या ज्या घरांतले जुने चेहरे आज पाहायला मिळतात, ते बहुधा असेच वाचले आहेत, सासरी गेलेल्या मुलींच्या ट्रंकांतून. घराण्याचा इतिहास मुलगे चालवतात म्हणे.

फोटोत तेरा माणसे आहेत. आजोबा खुर्चीत, टोपी किंचित वाकडी. आजीची नजर कॅमेऱ्याकडे नाहीच, ती मुलांकडे बघते आहे. पुढे सतरंजीवर धाकटा काका, चौदा वर्षांचा, हसू दाबत. तो १९५७ मध्ये विषमज्वराने गेला. त्याचा हा एकच फोटो. मला कडेवर घेऊन तो नदीवर न्यायचा म्हणतात. मला काहीच आठवत नाही.

पुरानंतर आत्या भेटायला आली ती हा फोटो घेऊनच. आजीने तो मांडीवर ठेवला, काकाच्या तोंडावरून बोट फिरवले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “परत घेऊन जा गं. इथे नको. इथे नदी आहे.” आत्याने पुष्कळ सांगून पाहिले, आजी ऐकेना. पुढे आजी नऊ वर्षे जगली. आत्या माहेरपणाला येताना दर वेळी फोटो आणायची आणि जाताना घेऊन जायची. सांगलीलाही नदी आहे आणि ती कृष्णा आहे, हे आजीला कुणी सांगितले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी चढले तेव्हा आत्येभावाने आधी फोटो माडीवर नेला, मग गॅसचे सिलिंडर. गेल्या वर्षी त्याने मला त्याची प्रत पाठवली.

तेरापैकी बारा जणांची नावे मी मागे लिहून ठेवली आहेत. तेरावा अगदी उजव्या टोकाला उभा आहे: पंधरा-सोळा वर्षांचा, अर्धी चड्डी, अंगाला मोठा होणारा सदरा, हातात पुस्तक. आत्याला विचारले होते. ती म्हणाली, “तो ना, तो आपला मंगळवारचा.” म्हणजे वार लावून जेवणारा विद्यार्थी. त्या काळी गरीब मुलगा सात घरी सात वार जेवून शिकायचा. आजोबांनी त्याला हाताला धरून फोटोत उभे केले होते. नाव आत्यालाही आठवले नाही, गाव कोकणातले एवढेच. आता आत्याही नाही.

हा फोटो पुढच्या पानावर छापला आहे. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा १९५२ च्या सुमारास शनिवार पेठेत वार लावून शिकत असतील, तर उजवीकडचा चेहरा जरा नीट पाहा. डाव्या भुवईवर खूण आहे. ओळख पटली तर मला फोन करा. मोठी प्रत मी स्वतः आणून देईन.