खान्देशच्या उन्हाळ्यात कुकीजची नक्षी का बिघडते?

वाढदिवसाला मित्रमैत्रिणींसाठी चांदणीच्या आकाराच्या कुकीज केल्या आणि ओव्हनमधून गोल चकत्या निघाल्या? दोष बहुतेक वेळा गरम बटरचा. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंतही जातो, त्यामुळे पीठ लाटतानाच सैल पडतं आणि भाजताना पसरतं. नानकटाईला पसरणं शोभतं, चांदणीला नाही. साच्याने कापलेल्या कुकीज ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लगेच भाजाव्यात. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणून त्यात मैदा किंवा कणीक मिसळावी, नाहीतर कुकीज चुरतात.

आयसिंग कुकीज पूर्ण गार झाल्यावरच. त्यात कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घातला तर साल्मोनेलाचा धोका असतो. पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे थेंब पुरतात.