हॉथॉर्नचे प्रयोग : पाठ्यपुस्तकातील कथा आणि कारखान्यातील नोंदी

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या एक-दोन सत्रांतच एक गोष्ट हमखास ऐकावी लागते. अमेरिकेतील एका कारखान्यात संशोधकांनी दिव्यांचा उजेड वाढवला, तेव्हा उत्पादन वाढले. उजेड कमी केला, तरीही ते वाढले. कामगारांना मधल्या सुट्ट्या दिल्या, उत्पादन वाढले; त्या काढून घेतल्या, तरी ते खाली आले नाही. यावरून काढलेला निष्कर्ष असा की, पगार आणि सोयीसुविधांपेक्षा आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीव कामगाराला अधिक महत्त्वाची वाटते. 'हॉथॉर्न परिणाम' ही संज्ञा येथूनच रूढ झाली आणि 'मानवी संबंध' या नावाने ओळखली जाणारी व्यवस्थापनातील विचारधारा याच पायावर उभी राहिली. मुंबई-पुण्यातील एमबीएच्या वर्गांतही ही गोष्ट आजतागायत सांगितली जाते. मूळ प्रयोगांच्या नोंदी मात्र इतकी सरळ गोष्ट सांगत नाहीत.

हॉथॉर्न हे शिकागोच्या सीमेवरील सिसेरो या गावातील कारखान्याचे नाव. अमेरिकेतील बेल टेलिफोन यंत्रणेला लागणारी सामग्री तयार करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तेथे सुमारे ४० हजार लोक काम करीत. दर्जानियंत्रणाच्या शास्त्राचे मूळही याच आवारात सापडते. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये आपला सुप्रसिद्ध नियंत्रण-आलेख मांडला तो याच कंपनीच्या तपासणी विभागासाठी. (हेच शुहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते.)

प्रयोगांची सुरुवात १९२४ मध्ये झाली, तेव्हा हार्वर्डचा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. प्रश्नही मानसशास्त्राचा नव्हता. चांगल्या प्रकाशात कामगार अधिक काम करतात, हे सिद्ध झाल्यास कारखान्यांना अधिक दिवे विकता येतील, यात अमेरिकेतील वीज उद्योगाला रस होता. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या नावाने चाललेल्या या चाचण्या १९२७ पर्यंत सुरू राहिल्या. निष्कर्ष कोड्यात टाकणारे होते. एका चाचणीत दोन कामगार स्त्रियांनी जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात काम करूनही त्यांचे उत्पादन टिकून राहिले. परिषदेने प्रकल्प गुंडाळला. आकडेवारीचा सविस्तर अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही, आणि मूळ नोंदी नष्ट झाल्या असेच पुढे अनेक वर्षे मानले गेले.

पाच मुलींची खोली

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मात्र हा विषय सोडला नाही. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या विभागातून पाच तरुण कामगार मुली आणि त्यांना सुटे भाग मांडून देणारी एक सहकारी यांना एका स्वतंत्र खोलीत बसविण्यात आले. सुमारे ३५ बारीक भाग एकत्र जोडून एक रिले तयार होई व त्याला साधारण एक मिनिट लागे. तयार झालेला रिले पन्हाळीत टाकला की, कागदाच्या फितीवर छिद्र पडून त्याची आपोआप नोंद होई. पाचही जणी स्थलांतरित कुटुंबांतील होत्या. त्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होई. या तपासण्यांबद्दल त्यांनी नाराजी दाखविल्यावर त्या दिवशी आईस्क्रीम आणि केक देण्याची प्रथा पडली.

त्यानंतर टप्प्याटप्प्याने बदल करण्यात आले. आधी पाच-पाच मिनिटांच्या दोन सुट्ट्या, मग दहा मिनिटांच्या, मग सकाळी अल्पोपाहार, नंतर कामाचा दिवस अर्धा तास लवकर संपविणे, पुढे शनिवारची सुट्टी. बाराव्या टप्प्यात या सर्व सवलती काढून घेतल्या आणि पुन्हा ४८ तासांचा आठवडा लागू केला. सुरुवातीला एक मुलगी आठवड्याला सुमारे २,४०० रिले जोडत असे. सुमारे दोन वर्षांत हा आकडा ३,०००च्या आसपास पोहोचला. येथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात येते. परंतु त्या खोलीत आणखी दोन बदल झाले होते आणि ते पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळतात.

पहिला बदल मजुरीचा होता. मूळ विभागात शंभरहून अधिक कामगारांच्या एकत्रित उत्पादनावर प्रत्येकाची कमाई ठरे. साहजिकच एकीने हात चालवला, तरी तिच्या पाकिटात फारसा फरक पडत नसे. प्रयोगाच्या खोलीत या लहानशा गटाचा हिशेब वेगळा करण्यात आला. आता जादा काम केल्याचे पैसे सरळ त्यांच्याच पदरात पडू लागले. हा बदल सुट्ट्या सुरू होण्यापूर्वीच झाला होता.

दुसरा बदल जानेवारी १९२८ मधला. पाचपैकी दोघी फार बोलतात, काम मंदावतात आणि ताकीद देऊनही ऐकत नाहीत, अशी तक्रार झाली. त्यांना खोलीतून काढून परत मूळ विभागात पाठविण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या दोघी अधिक जलद काम करणाऱ्या होत्या. त्यांतील एकीवर घरच्या उत्पन्नाची जबाबदारी पडलेली होती आणि लवकरच तीच गटाला वेग देणारी ठरली. त्यानंतर उत्पादनाचा आलेख ठळकपणे चढला. मित्रत्वाच्या वातावरणामुळे उत्पादन वाढल्याचा दाखला म्हणून ज्या खोलीचे नाव घेतले जाते, त्या खोलीतील पाचांपैकी दोघींना बेशिस्तीबद्दल बाहेर काढले होते, ही बाब किरकोळ नाही.

मेयो यांचे आगमन

ही काढाकाढी झाल्यानंतर, एप्रिल १९२८ मध्ये एल्टन मेयो प्रथमच हॉथॉर्नला आले. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२६ पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक होते आणि त्यांच्या संशोधनाला रॉकफेलर निधीचे पाठबळ होते. कारखान्यातील त्यांचा प्रत्यक्ष मुक्काम तुटपुंजा होता. परंतु प्रयोगांना अर्थ देण्याचे काम त्यांनी केले. औद्योगिक समाजात माणूस एकाकी पडतो, त्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा मनात असते आणि समजूतदार पर्यवेक्षण हे त्यावरचे औषध आहे, असे त्यांचे मत आधीपासूनच होते. हॉथॉर्नच्या आकड्यांत त्यांना त्याचा पुरावा दिसला. त्यांचे १९३३ चे पुस्तक आणि फ्रिट्झ रोथलिसबर्गर व विल्यम डिक्सन यांचा १९३९ चा विस्तृत ग्रंथ यांमुळे हा अर्थ जगभर पोहोचला. कामगारसंघटनांना या मांडणीत जवळपास स्थानच नव्हते. ती मालकवर्गाला का रुचली असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पैशाचा प्रश्न संशोधकांनी तपासलाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. रिले जोडणाऱ्या दुसऱ्या एका गटाला केवळ मजुरीची तीच नवी पद्धत लागू करून पाहण्यात आली. त्यांचे उत्पादन लगेच बारा-तेरा टक्क्यांनी वाढले. इतर कामगारांनी कुरकुर सुरू केल्यावर नऊ आठवड्यांतच हा प्रयोग थांबवावा लागला आणि उत्पादन पुन्हा घसरले. एवढे स्पष्ट उत्तर समोर असूनही ग्रंथात पैशाला दुय्यम ठरविण्यात आले.

याच काळात २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात, पण कामगार भलत्याच विषयावर बोलू लागतात असे दिसल्यावर त्यांना हवे ते बोलू देण्याचे ठरले. १९३६ मध्ये यातूनच समुपदेशनाची योजना निघाली आणि ती १९५६ पर्यंत चालली.

सर्वांत मोलाचे निरीक्षण शेवटच्या प्रयोगात झाले. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांना एका खोलीत बसवून त्यांचे निरीक्षण केले गेले. येथेही मजुरी गटाच्या उत्पादनावर होती. तरीही उत्पादन वाढले नाही. दिवसाला किती जोडण्या करायच्या, हे या कामगारांनी आपसात ठरवूनच टाकले होते. त्याहून अधिक काम करणाऱ्याची टिंगल होई, प्रसंगी दंडावर ठोसाही बसे. कमी काम करणाराही बोलणी खाई. वरिष्ठांकडे चहाडी करणे हा तर सर्वांत मोठा गुन्हा. जास्त काम दाखवले, तर दर कमी होतील किंवा माणसे कमी केली जातील, ही त्यामागची धास्ती होती. संशोधकांनी ही भीती अवास्तव ठरविली. प्रत्यक्षात तो महामंदीचा काळ होता. मागणी आटल्यामुळे हॉथॉर्नमधील हजारो कामगार घरी बसत होते आणि अखेर हा प्रयोगही थांबवावा लागला.

येथे एक साधा प्रश्न पडतो. निरीक्षणाने आणि आस्थेनेच उत्पादन वाढत असेल, तर निरीक्षक दिवसभर समोर बसलेला असताना या चौदा जणांचे उत्पादन का वाढले नाही? त्याच कारखान्यातील, त्याच संशोधकांच्या या प्रयोगात 'हॉथॉर्न परिणाम' दिसतच नाही.

नोंदींची फेरतपासणी

ही संज्ञा मेयो यांनी दिलेली नाही. ती १९५०च्या दशकात प्रचारात आली. त्यानंतर टीकेलाही धार चढली. सिडनीतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, हे प्रयोग मानवी संबंधांपेक्षा पैसा, शिस्त आणि कडक देखरेख यांचीच बाजू भक्कम करतात. १९७८ मध्ये रिचर्ड फ्रँके आणि जेम्स कॉल यांनी पहिल्या रिले खोलीच्या आकड्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. दोघींच्या जागी नव्या मुली आणणे, मंदीची झळ आणि विश्रांतीचा वेळ यांनी उत्पादनातील बहुतेक चढ-उतार उलगडतात, असे त्यांना आढळले. रिचर्ड गिलेस्पी यांनी १९९१ च्या पुस्तकात, हा अर्थ कारखान्यात सापडलेला नसून कंपनी आणि हार्वर्ड यांच्या चर्चांतून घडविला गेला, हे कागदपत्रांच्या आधारे मांडले.

दिव्यांच्या चाचण्यांचे आकडे अखेरीस सापडले ते शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांना. त्यांचा लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दिव्यांतील बदल बहुधा रविवारी केले जात आणि त्याचा परिणाम सोमवारी मोजला जाई. पण सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा एरवीही जास्तच असे, मग दिवे बदललेले असोत वा नसोत. उजेड कसाही बदला, उत्पादन वाढतेच, ही प्रसिद्ध कथा आकड्यांत नव्हती. परिणामाच्या काही पुसट खुणा दिसतात, इतकेच ते मान्य करतात.

वैद्यकीय चाचण्यांत 'हॉथॉर्न परिणाम' हा शब्द अजूनही सर्रास वापरला जातो. आपण पाहिले जात आहोत हे कळल्यावर माणसाचे वागणे बदलू शकते, हे खरे. पण २०१४ मधील एका आढाव्यानुसार असा एकच एक परिणाम नाही. परिस्थितीनुसार निरनिराळी कारणे काम करतात.

हॉथॉर्नचा कारखाना १९८०च्या दशकात बंद झाला. त्या जागी आज बाजारसंकुल आहे आणि जुन्या वास्तूंपैकी पाण्याचा उंच मनोरा उभा आहे. प्रयोगांची कागदपत्रे हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रिले खोलीतील काही स्त्रियांना सुमारे पन्नास वर्षांनी अभ्यासकांनी गाठले आणि त्यांच्या आठवणी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. डोक्यावर मुकादम नव्हता, हे आवडल्याचे त्यांनी सांगितले. आणि पैसे अधिक मिळत होते, हेही.