जुन्या लाकडी होडीची तपासणी : कूज आणि गळती कशी ओळखावी

जबलपूर : पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की जबलपूरजवळील भेडाघाट येथील नौकाविहार बंद होतो. पाणी ओसरल्यावर होड्या पुन्हा प्रवाहात उतरतात. येथील घळईत संगमरवरी कडे सुमारे 100 फूट उंच असून पाण्यातून सरळ वर गेलेले आहेत. होडीत पाणी शिरू लागल्यास जवळच्या काठाला लागण्याची सोय बऱ्याच ठिकाणी नाही. त्यामुळे जुन्या लाकडी होडीतील दोष प्रवासी बसण्यापूर्वी घाटावरच शोधणे आवश्यक ठरते.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असल्यास बुरशी सहसा वाढत नाही. सतत पाण्याखाली असलेल्या लाकडाला हवा कमी मिळते, म्हणून तेही सावकाश कुजते. ओल आणि हवा दोन्ही मिळतात तेथे धोका अधिक असतो. होडीच्या काठाच्या पट्ट्या, दोन्ही टोकांचे सांधे, बैठकीच्या फळ्यांखालचा भाग, बरगड्यांची खालची टोके आणि खिळ्यांभोवतीची जागा प्रथम पाहावी. काठावर उघड्या ठेवलेल्या होडीत साचलेले पावसाचे पाणी नदीच्या पाण्याइतकेच, किंबहुना अधिक घातक ठरते.

वरचा रंग चांगला दिसला म्हणून लाकूड निर्दोष आहे, असे मानू नये. लाकडी हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी लाकूड खणखणीत वाजते, तर कुजलेले लाकूड बद्द आवाज देते. संशयित जागी टोच्या दाबावा. तो सहज आत गेला, किंवा उचकटताना लांब तंतूंऐवजी लहान तुकडे निघाले, तर तो भाग कुजलेला समजावा. गंजून सैल झालेले खिळेही याच वेळी तपासावेत.

गळतीची परीक्षा वेगळी आहे. अनेक महिने कोरडी राहिलेली होडी पाण्यात उतरवताच थोडे पाणी घेते, कारण फळ्या आकसून सांध्यांत फटी पडलेल्या असतात. लाकूड फुगल्यावर त्या बहुधा मिटतात. यासाठी रिकामी होडी एक-दोन दिवस उथळ पाण्यात बांधून ठेवावी. त्यानंतरही पाणी येत राहिल्यास आतील भाग पुसून कोरडा करावा, सांध्यांवर खडूची पूड टाकावी आणि ती प्रथम कोठे भिजते ते पाहावे.

फट बुजवून गळती थांबते, कूज थांबत नाही. कुजलेल्या भागावर लांबी किंवा डांबर फासल्यास ओल आतच कोंडते. तो भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा बसवावा लागतो. बरगडी किंवा तळाचा कणा कुजला असल्यास होडी प्रवासी वाहतुकीतून बाजूला ठेवणेच योग्य. कोकण किनाऱ्यावर खारे पाणी बुरशीला काहीसे रोखते, मात्र तेथे लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांचा उपद्रव असतो. नर्मदेच्या गोड्या पाण्यात मुख्य शत्रू बुरशीच आहे.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने 1917 च्या कायद्याची जागा घेतली असून त्यात यंत्राविना चालणाऱ्या नौकांसाठीही तरतुदी आहेत. तथापि, नोंदणी किंवा प्रमाणपत्र रोजच्या पाहणीची जागा घेऊ शकत नाही. दिवसातून किती वेळा पाणी उपसावे लागते, याची नोंद नावाड्याने ठेवावी. हा आकडा वाढू लागणे हीच बिघाडाची पहिली सूचना असते.