४४० किलोची कार, ८४ हॉर्सपॉवर आणि २३ हजार पौंड: केटरहॅम सेव्हन १७० वर एवढा वाद का?

ब्रिटनच्या केटरहॅम कंपनीने २०२१ मध्ये ‘सेव्हन १७०’ ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिचं वजन फक्त ४४० किलो आणि इंजिन ६६० सीसीचं. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० पेक्षा, जिचं इंजिन ७९६ सीसीचं होतं, हे इंजिन लहान आहे. गंमत म्हणजे दोन्ही इंजिनं तीन सिलिंडरची आणि दोन्ही सुझुकीची.

या गाडीला पक्कं छत नाही, एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. तरीही सुरुवातीची किंमत होती २२,९९० पौंड, तेव्हाच्या दराने साधारण २३ लाख रुपये. तीही सुट्या भागांची. गाडी जोडायची ग्राहकाने, आपल्या गॅरेजमध्ये.

त्यामुळे गाडीवेड्या मंडळींत लगेच दोन तट पडले. एका गटाच्या मते एवढ्या पैशात एवढंसंच मिळणार असेल तर ही चक्क लूट आहे. दुसऱ्या गटाच्या मते गाडी चालवण्याचा असा अनुभव इतक्या कमी पैशात दुसरीकडे मिळत नाही. दोघांच्याही हाती आकडे आहेत आणि दोघांचेही आकडे बरोबर आहेत. मग वाद नेमका कशाचा?

ही गाडी मुळात आहे तरी काय?

सेव्हनची गोष्ट १९५७ पासून सुरू होते. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची, उघडी, अगदी साधी गाडी बाजारात आणली. शनिवार-रविवारी हौशी शर्यतीत उतरवायची आणि त्याच गाडीने घरी परतायचं, असा तिचा उपयोग.

त्या काळात ब्रिटनमध्ये तयार गाडीवर ‘पर्चेस टॅक्स’ लागत असे. सुट्या भागांच्या किटवर तो लागत नसे. म्हणून अनेकांनी सेव्हन किटच्या रूपात घेतली आणि स्वतः जोडली. किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसल्यामुळे गाडी ‘खोलायची कशी’ याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या शेवटून वाचत, असा एक किस्सा सेव्हनचे चाहते आजही सांगतात.

१९७३ मध्ये ब्रिटनने पर्चेस टॅक्सच्या जागी व्हॅट आणला आणि किटचा कर वाचवणारा फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क आपला विक्रेता ग्रॅहम नियर्न याच्या ‘केटरहॅम कार्स’ला दिले. ही कंपनी लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या केटरहॅम गावची. तेव्हापासून ही गाडी याच नावाने बनते. इंजिनं बदलली, पण लांब नाक, बाहेर उघडी दिसणारी पुढची चाकं आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा हा ढाचा कायम राहिला. २०२१ मध्ये कंपनी जपानच्या व्हीटी होल्डिंग्जच्या मालकीची झाली.

सेव्हन १७० मधलं ६६० सीसीचं टर्बो इंजिन जपानच्या ‘केई’ वर्गातल्या छोट्या गाड्यांमधलं आहे. गाडीची रुंदी १,४७० मिलिमीटर ठेवल्यामुळे ती जपानच्या केई नियमांतही बसते. तिथे अशा गाड्यांना कराची सवलत मिळते.

८४ हॉर्सपॉवरमध्ये वेग येतो कुठून?

कंपनीच्या आकड्यानुसार सेव्हन १७० शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ६.९ सेकंदांत गाठते. ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. भारतात आणि युरोपात साधारणपणे शून्य ते १०० किलोमीटरची वेळ सांगतात, त्यामुळे हे दोन आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. तरीही ८४ हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी हा वेग थक्क करणारा आहे.

कारण सरळ आहे. तेवढाच जोर लावला तर हलकी वस्तू लवकर वेग घेते. म्हणून स्पोर्ट्स कारच्या बाबतीत नुसती हॉर्सपॉवर न बघता ‘पॉवर-टू-वेट रेशो’ बघतात, म्हणजे दर टन वजनामागे किती हॉर्सपॉवर. सेव्हन १७० चा हिशेब ८४ भागिले ०.४४, म्हणजे टनामागे सुमारे १९१ येतो.

हलकेपणाचा फायदा फक्त पळण्यात नाही. ब्रेक मारल्यावर थांबवायचं वजन कमी, वळणावर बाहेर ढकललं जाणारं वजन कमी. त्यामुळे ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात आणि ते झिजतातही कमी. सेव्हन १७० च्या रस्त्यासाठीच्या मॉडेलला जेमतेम १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. ही रुंदी छोट्या हॅचबॅकची वाटावी अशी आहे.

चाहत्यांसाठी खरी गोम इथे आहे. अरुंद टायरची पकड कमी वेगातच सुटायला लागते, तीही हळूहळू आणि आधी कल्पना देऊन. गाडी घसरायला लागल्याचं स्टीअरिंगमधून हाताला आणि सीटमधून पाठीला कळतं. ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीत तोच अनुभव घ्यायचा तर वेग इतका लागतो की सार्वजनिक रस्त्यावर तो बेकायदा आणि जिवावर बेतणारा ठरतो.

मग टॉप स्पीड एवढा कमी का?

टीका करणारे बोट ठेवतात ते इथे. सेव्हन १७० चा कमाल वेग ताशी १०५ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर आहे. साधारण त्याच किमतीच्या पातळीवरची जपानी ‘माझदा एमएक्स-५’ तिच्या १३२ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर २०० किलोमीटरच्या पुढे जाते.

याचं उत्तर हवेत आहे. वेग वाढतो तशी गाडी हवेशी झगडू लागते, आणि हवेला वजनाशी काही देणंघेणं नसतं. तिला दिसतो तो फक्त आकार. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. सेव्हनची उघडी चाकं आणि उभी काच हवेला जागोजागी अडवतात. म्हणून शंभरच्या आत ती भल्याभल्यांना मागे टाकते, पण मोकळ्या महामार्गावर साध्या सेडानही तिला ओलांडून जातात.

थोडक्यात, ‘परफॉर्मन्स’ हा एकच शब्द दोन्ही बाजू वापरतात, पण एक बाजू वळणांबद्दल बोलत असते आणि दुसरी सरळ रस्त्याबद्दल.

ब्रोशरमधल्या आकड्यात काय लपतं?

आणखी एक हिशेब फारसा कोणी मांडत नाही. वर काढलेला १९१ हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे. तिच्यात ७५ किलोची दोन माणसं बसली की वजन ५९० किलो होतं आणि हा आकडा १४२ वर येतो. म्हणजे गाडीची पाव ताकद माणसं बसताच गेली.

हाच हिशेब ‘लोटस एमिरा’ या १,४०५ किलो वजनाच्या आणि ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीला लावला, तर २८५ वरून २५७. घट जेमतेम दहा टक्के.

गाडी जितकी हलकी, तितका चालवणाऱ्याच्या वजनाचा, सोबत्याचा, पेट्रोलच्या भरलेल्या टाकीचा तिच्यावर परिणाम जास्त. म्हणून हलक्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह दोघांनी मिळून घेतलेली बरी, असं जाणकार सांगतात.

किंमत जास्त आहे की वाजवी?

विरोधकांचा मुद्दा असा. एमएक्स-५ मध्ये छत आहे, एसी आहे, एअरबॅग आहेत, छोटी का होईना डिकी आहे आणि गाडी जोडूनच मिळते. सेव्हनमध्ये यातलं बहुतेक काहीच नाही. तयार गाडी हवी असेल तर जोडणीचे पैसे वेगळे. हव्या त्या गोष्टी यादीतून निवडत गेलं की बिल भराभर वाढतं. शिवाय हिची आधीची आवृत्ती ‘सेव्हन १६०’ २०१३ मध्ये किट रूपात १४,९९५ पौंडांपासून मिळत होती. आठ वर्षांत किंमत दीडपट झाली.

समर्थक तीन गोष्टी पुढे करतात. पहिली, मोठ्या कंपन्या लाखांनी गाड्या बनवतात, त्यामुळे संशोधनाचा आणि साच्यांचा खर्च वाटला जातो. केटरहॅमच्या गाड्या वर्षाला शेकड्यांत बनतात आणि बरंचसं काम हातानं होतं. दुसरी, सेव्हन फारशी जुनी दिसत नाही. साठ वर्षांपूर्वीचाच ढाचा असल्यामुळे नवं मॉडेल आलं म्हणून जुनं कालबाह्य होत नाही आणि वापरलेल्या सेव्हनला भाव चांगला येतो. खरा खर्च म्हणजे घेतानाची किंमत वजा विकतानाची किंमत, हे धरलं तर गणित बदलतं. तिसरी, जोडणीला कंपनीच्या अंदाजाने ८० ते १०० तास लागतात, आणि हे तास म्हणजे त्रास नसून अर्धी मजा तीच आहे, असं मानणारा ग्राहक इथे मोठा आहे.

अर्थात, घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीआधी अशा गाडीला ‘इंडिव्हिज्युअल व्हेईकल अप्रूव्हल’ ही सरकारी तपासणी पार करावी लागते.

हलकेपणाची किंमत फक्त पैशात मोजायची का?

नाही, आणि लोटसच्या इतिहासात हा मुद्दा फार कडवट आहे. गाडी साधी करा, मग आणखी हलकी करा, हे चॅपमनचं सूत्र मानलं जातं. या सूत्रावर लोटसने फॉर्म्युला वनची अनेक विजेतेपदं मिळवली. पण त्याच गाड्या नाजूक असल्याची तक्रारही सतत होती.

१९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये मागचा पंख तुटून अपघात झाल्यावर लोटसचा ड्रायव्हर योखेन रिंट याने चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या ताकदीबद्दल काळजी व्यक्त केली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोंझा इथे सरावादरम्यान त्याची लोटस ७२ आदळली आणि तो गेला. पुढच्या ब्रेकला जोडलेला दांडा तुटल्याचं मानलं जातं. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळालं.

आजची सेव्हन ही शर्यतीतली लोटस नाही. पण दीड-दोन टनांच्या एसयूव्हींच्या गर्दीत एअरबॅगशिवायची ४४० किलोची गाडी चालवणं ही जाणूनबुजून पत्करलेली जोखीम आहे. किमतीच्या वादात हा मुद्दा मागे पडतो, खरं तर तो पहिला असायला हवा.

बाकीच्या ब्रिटिश कंपन्यांनी कोणती वाट धरली?

लोटसने १९९६ मध्ये ‘एलिस’ आणली तेव्हा तिचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास होतं. ॲल्युमिनियमचे भाग वेल्डिंगऐवजी गोंदाने चिकटवून बनवलेला तिचा सांगाडा त्या काळी मोठी झेप मानली गेली. २०२१ मध्ये एलिसचं उत्पादन थांबलं. तिची जागा घेणारी एमिरा जवळपास दुप्पट वजनाची आहे. बदल्यात तिच्यात एअरबॅग, चांगला एसी, टचस्क्रीन आणि रोज वापरता येईल अशी केबिन आहे. लोटसची बहुसंख्य मालकी २०१७ पासून चीनच्या गीली समूहाकडे आहे. २०२३ मध्ये लोटसने भारतात पाऊल टाकलं तेही ‘एलेत्रे’ या सुमारे अडीच टनांच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीने, किंमत २.५५ कोटी रुपयांपासून.

सॉमरसेट परगण्यातली एरियल ही छोटी कंपनी दुसऱ्या टोकाला आहे. तिच्या ‘ॲटम ४’ मध्ये होंडाचं ३२० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि वजन सहाशे किलोच्या आत. दारं नाहीत, छत नाही.

पुढे काय?

हलक्या गाडीपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न बॅटरीचा आहे. केटरहॅमने जुलै २०२३ मध्ये ‘प्रोजेक्ट व्ही’ ही इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार नमुना म्हणून दाखवली. वजन आटोक्यात ठेवणं हाच तिचा मुख्य दावा होता. तरीही जाहीर केलेलं लक्ष्य होतं १,१९० किलो, म्हणजे सेव्हन १७० च्या अडीचपटीहून जास्त.

म्हणून सेव्हन १७० घ्यावी की नाही याचं उत्तर वापरावर ठरतं. रोज ऑफिसला जायचं असेल, पावसात चालवायची असेल, महामार्गावर लांबचा प्रवास करायचा असेल, तर याच पैशात एमएक्स-५ सारखी गाडी जास्त शहाणपणाची. दुसरी एक गाडी घरी आहे, रविवारची सकाळ मोकळी आहे, वळणांचा रस्ता जवळ आहे आणि जोखमीची पूर्ण कल्पना आहे, अशा माणसाला मात्र ८४ हॉर्सपॉवर कमी पडत नाहीत.