शक ७८२ कीं ९८२? अंबरनाथचा शिलालेख आणि इतिहासाचें अध्यापन

कै. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, व भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. तेव्हांपासून मूळ साधनांचें महत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु तीं साधनें शाळेच्या फळ्यापर्यंत क्वचितच पोहोंचतात. वर्गांत निर्णय सांगितला जातो. तो कशावरून ठरला, हें सांगितलें जात नाहीं. ही उणीव ठाणें-कल्याण भागांतील लेखांच्या साह्यानें कशी भरून काढतां येईल, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कल्याणच्या पुढें अंबरनाथ येथील शिवालयांत शिलाहार राजा मुम्मुणि याचा संस्कृत शिलालेख आहे. त्यांतील शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं ७८२ असा वाचला, पुढें पं. भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला. एका अंकानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें! दोघेही थोर पंडित. मग विद्यार्थ्यानें कोणाचें मानावें?

येथें शिक्षकानें उत्तर देण्याची घाई करूं नये. आणखी दोन लेख पुढें ठेवावे. पहिला, ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चालू असतां सांपडलेला अरिकेसरीचा ताम्रपट. त्याचा रामलोचन पंडितांनीं केलेला अनुवाद 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडांत १७८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची मिति शक ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक शुद्ध १५. दान चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिलेलें. दुसरा, भांडुप येथें मिळालेला छित्तराजाचा ताम्रपट, शक ९४८ चा. छित्तराज हा अरिकेसरीचा पुतण्या आणि मुम्मुणि हा छित्तराजाचा धाकटा भाऊ. एवढें फळ्यावर मांडलें कीं चुलता व वडील बंधु यांच्या दीडशें वर्षें आधीं धाकटा भाऊ राज्य कसा करील, हा प्रश्न मुलें स्वतःच विचारतात. निर्णय त्यांच्या मुखांतून येतो, आणि म्हणूनच तो विसरला जात नाहीं.

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. हे राजे स्वतःस 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवितात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. यांचें राज्य तर कोंकणांत. तेव्हां हें बिरुद राज्याची सीमा सांगत नसून कुळाच्या मूलस्थानाचा अभिमान सांगतें. एकाच ताम्रपटांतील मिति एका कसोटीस लावावयाची व प्रशस्ति दुसऱ्या, हा विवेक पाठ्यपुस्तकाच्या सारांशानें येत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं संस्कृत लेख मुलांस समजणार नाहीं व परीक्षेपुढें वेळ नाहीं. पहिल्यास उत्तर असें कीं म. म. वा. वि. मिराशी यांनीं १९७७ सालीं संपादिलेल्या शिलाहार-लेखांच्या ग्रंथांत हे लेख एकत्र मिळतात. मराठी सारांश करणें हें शिक्षकाचें काम. दुसऱ्यास उत्तर मी स्वानुभवानें देतों. कित्येक वर्षें मीं सनावळ्या पाठ करून घेतल्या. एके दिवशीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हा सन बरोबर आहे हें आपणांस कसें कळलें?" पुस्तकांत छापला आहे, यापलीकडे मजपाशीं उत्तर नव्हतें. त्यानंतर दोन तास या तीन लेखांस देऊं लागलों. ते तास वायां गेले असें मला कधींच वाटलें नाहीं.

भाऊ दाजींचें वाचन चुकलें म्हणून त्यांची थोरवी उणी होत नाहीं. पुराव्यापुढें पंडितानेंही आपलें मत सोडावयाचें असतें, हें मुलांस कोंवळ्या वयांतच समजणें, हेंच इतिहास शिकविण्याचें मुख्य फळ होय.