हेलोंच्या खानेसुमारीची कुळकथा

दीर्घिका ज्यांच्या पोटात वसतात, त्या कृष्णद्रव्याच्या गोळ्यांना खगोलशास्त्रज्ञ ‘हेलो’ म्हणतात. कोणत्या वजनाचे हेलो विश्वात किती, या खानेसुमारीचं मूळ सूत्र १९७४ सालचं. कॅलटेकमधल्या विल्यम प्रेस आणि पॉल शेक्टर यांनी ते मांडलं, तेव्हा कृष्णद्रव्याचा फारसा बोलबाला नव्हता. दीर्घिका आणि त्यांचे समूह कसे जमले, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

युक्ती सोपी होती. बालविश्वातले घनतेचे चढउतार साध्या समीकरणाने वाढवत न्यायचे आणि सरासरीवरचा चढ सरासरीच्याच १.६८६ पट ओलांडेल तिथे गोळा जमला, असं धरायचं. हा उंबरठा लहानमोठ्या साऱ्यांना एकच. पण हिशेब अर्धाच भरला; सरासरीपेक्षा विरळ जागांतलं वस्तुमान कुठल्याच गोळ्यात मोजलं जाईना. दोघांनी उत्तराला सरळ दोनाने गुणलं! त्या दोनाला भक्कम आधार मिळायला १९९१ उजाडलं. विरळ वाटणारी जागाही एखाद्या मोठ्या गोळ्याच्या पोटात असू शकते, आणि ती धरली की दोन आपोआप येतो, हे बाँड, कोल, एफस्टॅथिऊ आणि कायझर यांनी दाखवलं. १९९९ मध्ये रवी शेठ आणि ज्युसेप्पे टॉर्मेन यांनी सूत्र संगणकावरच्या विश्वांशी जुळवून घेतलं.

गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत आले आणि उंबरठाच हलला. त्यांपैकीच एक असलेल्या २००७ च्या हू-साविकी प्रतिमानात गुरुत्वाकर्षण जास्तीत जास्त एक तृतीयांशाने वाढतं. दाट वस्तीत मात्र ही जादा ओढ झाकली जाते. नाहीतर सूर्यमालेतच फरक दिसला असता. त्यामुळे उंबरठा गोळ्याच्या वजनावर आणि शेजारपाजारावर ठरू लागला. बदल सौम्य असेल, तर वजनदार हेलो जादा ओढ स्वतःच झाकतात आणि संख्या वाढते ती हलक्यांची. बदल मोठा असेल, तर वजनदार हेलोंत वसणारे दीर्घिकांचे महाकाय समूहही जास्त दिसायला हवेत.

म्हणूनच समूहांची मोजदाद ही गुरुत्वाकर्षणाची परीक्षा ठरली. २००९ मध्ये श्मिट, विख्लिनिन आणि हू यांनी क्ष-किरणांत दिसणारे समूह मोजून अशा बदलावर मर्यादा घातली. २०२४ मध्ये ‘ईरोसिटा’ दुर्बिणीने टिपलेल्या ५,२५९ समूहांवर तीच कसोटी लावली गेली. आइन्स्टाइनच्या सिद्धांताला सोडचिठ्ठी द्यावी, असं त्यात काही निघालं नाही.