मुलांवरील लैंगिक अत्याचार: संशय आल्यास काय करावे?

१८ वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तो होईल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ मध्ये ही तरतूद आहे. पुरावा शोधणे हे पोलिसांचे काम आहे.

मुरूडपर्यंत पोहोचलेले प्रकरण

डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने १९९५ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ निवारागृहे सुरू केली. ती मुंबईत कुलाबा व कफ परेड आणि रायगड किनाऱ्यावर मुरूड येथे होती. तेथील लैंगिक शोषणाचे प्रकरण २००१ मध्ये पुढे आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये ग्रँट आणि अॅलन वॉटर्स यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवले. चाइल्डलाइन संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ मार्च २०११ रोजी मुलांची साक्ष विश्वासार्ह मानून ती शिक्षा कायम झाली.

ज्याच्या घरात राहायचे, ज्याचे जेवायचे, त्याच्याविरुद्ध मूल सहज बोलत नाही. म्हणून आसपासच्या मोठ्यांनी बोलणे गरजेचे ठरते.

कुठे कळवावे?

- जवळचे पोलीस ठाणे किंवा ११२
- चाइल्ड हेल्पलाइन १०९८

पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला माहिती द्यायची असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घेतला जातो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

काय टाळावे?

मुलाचे शांतपणे ऐकून घ्या, पण खोदून खोदून विचारू नका. संशयिताला आधी जाब विचारू नका. मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. ओळख उघड करणे गुन्हा आहे. गावकीत किंवा शाळेत प्रकरण ‘मिटवले’ तरी कळवण्याची जबाबदारी संपत नाही.

न कळवल्यास

सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. मुलांना ही शिक्षा लागू नाही. प्रामाणिक हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही.